स्केल मॉडेल गाडीच्या रंगाला पॉलिश: घाई कुठे नडते आणि क्रम कसा ठेवायचा

रंग छान बसला होता, पण पॉलिश करताना बॉनेटच्या धारेवर पांढरं प्लॅस्टिक डोकावलं. पॉलिशनंतर टप आरशासारखा झाला होता, पण पंधरा दिवसांनी पाहिलं तर पुन्हा संत्र्याच्या सालीसारखा. तीन तास घासलं, तरी दिव्याखाली धरल्यावर कोळिष्टकासारखे बारीक चरे दिसतातच. मॉडेल गाड्या करणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून या तीनच असतात, आणि तिन्ही वेळा दोष कंपाउंडला, म्हणजे घासून चमक आणणाऱ्या लेपाला, दिला जातो. पहिल्या तक्रारीत थराच्या जाडीचा अंदाज चुकलेला असतो, दुसरीत दिवसांचा, तिसरीत घासायच्या कागदांचा क्रम.

पॉलिश करताना आपण रंग काढत असतो. फवाऱ्याचे थेंब सपाट पसरण्याआधीच सुकले की पृष्ठभागावर बारीक टेकड्या आणि खड्डे राहतात. टेकड्या खड्ड्यांच्या पातळीपर्यंत उतरवायच्या आणि त्या कामात पडलेले चरे अधिकाधिक बारीक करत न्यायचे, एवढंच काम आहे. खाली थर पुरेसा हवा आणि तो आतपर्यंत कडक झालेला हवा.

पुढचं सगळं १/२४ आणि १/२५ मापाच्या पॉलिस्टायरीन किटच्या, फवाऱ्याने रंगवलेल्या बॉडीसाठी आहे. छोट्या मापांना क्रम तोच, फक्त हात आणखी हलका.

## टप्पा १: रंग मारण्याआधीची तयारी

पॉलिशची तयारी प्रायमरच्या आधी सुरू होते. इथे सुटलेल्या गोष्टी नंतर भरून काढता येत नाहीत.

दारं, बॉनेट, डिकी यांच्या खाचा किटमध्ये बहुतेक वेळा उथळ असतात. प्रायमर, रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मिळून सात-आठ हात बसले की त्या बुजतात, आणि मग पॉलिश करताना खाचेची कड कुठे आहे हेच कळत नाही. म्हणून स्क्राइबरने किंवा सुरीच्या पात्याच्या उलट्या बाजूने खाचा आधीच थोड्या खोल करून घ्या. जोर न लावता, त्याच रेषेतून चार-पाच वेळा.

बॉडीवर कोरलेलं गाडीचं नाव किंवा चिन्ह असेल तर प्रायमरनंतर त्यावर चंदेरी फॉइलचा तुकडा बसवून ठेवता येतो. त्यावरून रंग आणि क्लिअर मारा. शेवटी फक्त अक्षरांच्या माथ्यावरचा रंग हळूच घासून काढला की खालची चांदी उघडी पडते. नाहीतरी त्या अक्षरांवरचा रंग पॉलिशमध्ये सगळ्यात आधी जातो, तर त्याचाच उपयोग करून घ्यायचा.

आता थर. एकरंगी चकचकीत लॅकर (थिनर उडून सुकणारा रंग) असेल आणि त्याचे चार-पाच चांगले हात असतील तर क्लिअरशिवाय थेट रंगच पॉलिश करता येतो. मेटॅलिक किंवा मोत्याच्या झाकेचा रंग असेल तर तसं करू नका. त्यातले चमकदार कण पृष्ठभागाजवळ आडवे पसरलेले असतात. कागद लागला की ते कापले जातात आणि तिथे काळपट डाग उमटतो. तो कशानेही जात नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. मेटॅलिकवर क्लिअरचे किमान तीन, जमल्यास चार हात द्या आणि घासाल ते फक्त क्लिअर.

डेकल (बॉडीवर चिकटवायची छापील चित्रं) क्लिअरखाली घेणार असाल तर पहिले दोन हात अगदी विरळ, धुक्यासारखे मारा. लॅकर क्लिअरमधलं थिनर भरपूर ओलं बसलं तर डेकल सुरकुततं किंवा विरघळतं. डेकलची कड क्लिअरखाली पायरीसारखी उभी राहते. ती बुडवायला एखादा हात जास्त लागतो, तो आधीच धरून चला.

आणि आता या लेखातला सगळ्यात स्वस्त सल्ला: बॉडीबरोबर एक प्लॅस्टिकचा चमचाही रंगवा. तोच प्रायमर, तोच रंग, तितकेच हात, त्याच दिवशी. चमच्याची पाठ टपासारखी गोल असते आणि त्याची कड मडगार्डसारखी धारदार. रंग मुरला का हे त्यावर पाहता येतं, आणि किती घासल्यावर थर फुटतो हेसुद्धा. तो थर मुद्दाम फोडून पाहा. पंचवीस घासण्यांत फुटला की साठ, हे एकदा मोजलं की बॉडीवर हात बिचकत नाही.

सावध: टू-के युरेथेन (हार्डनर मिसळून मारायचं) क्लिअर वापरत असाल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि ते श्वसनाला खरोखर घातक आहेत. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे कामाचा नाही. योग्य रेस्पिरेटर, हातमोजे आणि मोकळी हवा नसेल तर लॅकर क्लिअरच वापरा.

## टप्पा २: रंग मुरू द्या

हाताला न चिकटणं वेगळं आणि मुरणं वेगळं. लॅकर अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो, पण खालच्या थरांतलं थिनर पुढे कित्येक दिवस बाहेर पडत असतं. ते पडताना थर आकसतो. आकसण्याआधी घासून सपाट केलेला पृष्ठभाग नंतर खालच्या उंचसखलपणावर पुन्हा बसतो, म्हणून पंधरा दिवसांनी साल परत दिसते. कधी कधी तर खालच्या प्रायमरवरचे चरेसुद्धा वर उमटतात.

माझा अंदाज असा: लॅकरला कमीत कमी एक आठवडा, पाच-सहापेक्षा जास्त हात असतील तर दोन. एनॅमल हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावून कडक होतं, त्याला तीन ते चार आठवडे. पाण्यातल्या अॅक्रिलिकलाही दोन-तीन आठवडे द्या, आणि इतकं थांबूनही ते थोडं मऊच राहतं हे लक्षात ठेवा. टू-के रासायनिक क्रियेने बसतं, दोन-तीन दिवसांत घासण्याजोगं होतं. त्याला मात्र फार दिवस ठेवू नका, कारण ते इतकं टणक होतं की मग हात दुखतात.

घाई असेल तर बंद डब्यात सौम्य ऊब देऊन वेळ कमी करता येतो, पण ४०-४५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नका. पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंशांना पूर्ण मऊ पडतं, पण पातळ टप आणि खिडक्यांचे खांब त्याच्या बरेच आधी वाकायला लागतात. हेअर ड्रायर जवळ धरून सुकवणं म्हणजे बॉडी वाकडी करायला बोलावणं.

तपासा: बॉडी हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी झाकण उघडताच वास घ्या. थिनरचा वास आला तर रंग अजून मुरलेला नाही. मग चमच्याच्या दांड्यावर नख दाबा. वण उमटला तर आणखी एक आठवडा. बॉडीवर नख दाबून पाहू नका. हे सांगावं लागतं, कारण मी ते केलेलं आहे.

## टप्पा ३: सामान आणि आकड्यांचा घोळ

लागणारं सामान थोडं आहे. १५००, २००० आणि २५०० नंबरचे वॉटर पेपर; जमलं तर ३०००चाही. त्यापुढे बारीक घासायच्या कापडी जाळ्या किंवा स्पंज. दोन किंवा तीन प्रतीचं कंपाउंड. मऊ मायक्रोफायबर फडकी, प्रत्येक कंपाउंडला वेगळं. खोडरबरचा छोटा ठोकळा, मास्किंग टेप, दोन वाट्या पाणी, भांडी घासायच्या द्रव साबणाचा थेंब, टूथपिक, जुना मऊ टूथब्रश. आणि एक एकटा, तिरका धरता येणारा दिवा.

आता घोळ. मायक्रो-मेश या नावाने मिळणाऱ्या कापडी जाळ्यांचे नऊ दर्जे असतात, १५०० पासून १२००० पर्यंत. हे आकडे वॉटर पेपरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. मायक्रो-मेशचा १५०० साधारण ५०० ते ६०० नंबरच्या कागदाइतका खरखरीत असतो, त्यातले कण ३० मायक्रॉनच्या आसपास. २००० नंबरच्या (पी२०००) कागदातले कण सुमारे १० मायक्रॉनचे. म्हणजे २००० नंबरच्या कागदानंतर पाकिटातली पहिली, १५००ची जाळी उचलली तर आपण बऱ्याच पायऱ्या मागे जातो आणि नवे खोल चरे पाडतो. पाकिटात नऊ आहेत म्हणून नऊही वापरायला हवेत असं नाही. २००० किंवा २५०० कागदानंतर मी थेट ३६०० किंवा ४००० जाळीपासून सुरू करतो. खालचे दर्जे प्लॅस्टिक आणि प्रायमरसाठी ठेवा.

कंपाउंड गाड्यांच्या मॉडेलसाठी बनवलेलं असेल तर उत्तम. तामियाचं कोर्स, फाइन आणि फिनिश अशा तीन प्रतींत येतं. खऱ्या गाडीचं रबिंग कंपाउंड चालतं, पण त्यातलं सगळ्यात खरखरीत टाळा, ते कित्येक पटींनी जाड थरासाठी असतं. टूथपेस्ट वापरू नका. तिने चकाकी येते हे खरं, पण तिच्यातल्या कणांचा आकार रंगासाठी ठरवलेला नसतो, आणि एखादा मोठा कण संपूर्ण दारावर रेघ ओढून जातो.

## टप्पा ४: गाडी धरायची कशी

हा टप्पा सगळेच गाळतात. आपलं लक्ष बोटाखालच्या जागेवर असतं आणि दुसरा हात नकळत बॉडी आवळत असतो. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब काडीसारखे बारीक असतात. टप घासताना माझ्या एका कूपेचा डावा खांब असाच तुटला. रंग, क्लिअर, डेकल सगळं झाल्यावर. चिकटवला, पण जोड दिसायचा तो दिसलाच.

टपाच्या आतून फोमचा तुकडा किंवा कापसाचा घट्ट बोळा असा बसवा की वरून आलेला दाब त्यावर जाईल, खांबांवर नाही. उघड्या गाडीची काचेची चौकट असेल तर तिच्याभोवती टेपचा आधार द्या आणि तिकडे शेवटी वळा. बॉडी मऊ टॉवेलवर ठेवा, हातात तोलू नका. अंगठी काढा, नखं कापा.

काचा, दिवे, क्रोमचे भाग यांपैकी काहीही बसवलेलं नसावं. कंपाउंड पारदर्शक भागांच्या कडेला शिरलं की निघत नाही.

## टप्पा ५: कडा झाका

ओला रंग पृष्ठताणामुळे धारेवरून मागे सरकतो. त्यामुळे जिथे थर सगळ्यात पातळ, तिथेच कागदाचा दाब सगळ्यात जास्त येतो. प्लॅस्टिक उघडं पडण्याच्या दहातल्या नऊ घटना इथल्याच.

मास्किंग टेपच्या एक-दीड मिलीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि या जागांवर लावा: बॉनेटवरचे कंगोरे, मडगार्डच्या धारा, दारावरची उभार रेघ, चाकाच्या कमानींच्या कडा, दारांच्या हँडलभोवती, खाचांच्या दोन्ही बाजू, डेकलच्या कडा क्लिअरमध्ये पूर्ण बुडाल्या नसतील तर तिथेही. टेप काढल्यावर तिथला पट्टा न घासलेला राहील आणि वेगळा दिसेल. दिसू दे. त्याला पुढे बारीक जाळीच पुरते.

टेप खूप दिवस ठेवू नका. ज्या दिवशी लावाल, त्याच दिवशी काढा.

## टप्पा ६: एकेकटे दोष आधी

एका धुळीच्या कणासाठी अख्खं बॉनेट उतरवणं हा तोट्याचा व्यवहार. कण, केस, ओघळ असे सुटे उंचवटे आधी त्यांच्यापुरतेच खाली आणा.

धुळीच्या कणासाठी २००० कागदाचा दोन मिलीमीटरचा गोल तुकडा टूथपिकच्या बोथट टोकाला चिकटवा, ओला करा आणि फक्त कणाच्या माथ्यावर फिरवा. दहा सेकंद, पुसा, पाहा. ओघळ असेल तर खोडरबरच्या ठोकळ्यावर १५०० गुंडाळून ओघळाच्या लांबीच्या दिशेने घासा. बोटाने घासलं तर बोट ओघळाच्या दोन्ही बाजूंना खड्डा पाडतं आणि ओघळ तसाच राहतो. ओघळाचा जाड भाग इतरांपेक्षा उशिरा मुरतो. तो आतून मऊ लागला तर थांबा, सगळंच पुढे ढकला.

## टप्पा ७: ओलं घासणं

इथे खरा वेळ द्यायचा आणि इथेच संयम सुटतो.

कागद वापरायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजत ठेवा, म्हणजे त्याची पाठ मऊ पडते आणि दुमडीची धार रंगाला लागत नाही. पाण्यात साबणाचा एक थेंब. एक वाटी कागद बुडवायला, दुसरी खंगाळायला. दोन्ही एकच ठेवली की निघालेले कण पुन्हा कागदावर बसतात आणि मग "हा चरा आला कुठून" असं म्हणत बसावं लागतं.

कुठल्या नंबरने सुरुवात करायची? शक्य तितक्या बारीक. आधी २००० लावून पाहा. वीसेक घासण्यांनंतरही साल तशीच असेल तरच १५०० घ्या. १२०० किंवा त्याहून खरखरीत कागदाची गरज वाटत असेल तर पॉलिशने ते काम होणार नाही. मुरलेला थर सपाट घासून क्लिअरचे आणखी दोन हात मारणं बरं.

मग क्रम असा:

१. एका वेळी एकच भाग घ्या. टप, मग बॉनेट, मग डिकी, मग एकेक दार. सगळ्या गाडीवरून हात फिरवत बसलात की कुठे किती उतरलं हे कळत नाही.

२. सपाट भागावर कागद खोडरबरच्या ठोकळ्यावर गुंडाळा, गोलाईवर मऊ स्पंजवर. नुसतं बोटाचं टोक कुठेच नको, त्याने नाल्या पडतात.

३. सरळ रेषेत, गाडीच्या लांबीच्या दिशेने घासा. गोल गोल घासलेले चरे कुठल्याही कोनातून दिसतात आणि ते गेले का हे कळत नाही. दाब कागदाच्या स्वतःच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त.

४. दहा-पंधरा घासण्या झाल्या की थांबा. पाणी पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या आणि दिव्याखाली तिरकं धरा.

कोरडं होऊ द्या, हे शब्द पुन्हा वाचा. ओला पृष्ठभाग नेहमीच सपाट आणि चकचकीत दिसतो, कारण खड्ड्यांत पाणी भरलेलं असतं. सुकल्यावर घासलेला भाग धुरकट दिसेल आणि त्यात चमकते ठिपके. हे ठिपके म्हणजे अजून कागद न पोचलेले खड्डे. सगळे ठिपके जाऊन एकसारखा धुरकटपणा आला की तो भाग सपाट झाला.

सगळे ठिपके घालवायलाच हवेत का? माझं मत नाही असं आहे. शंभरातले पाच-सहा बारीक ठिपके कडेजवळ उरले तर तिथे थांबा. ते पुढच्या कंपाउंडमध्ये जवळपास दिसेनासे होतात. ते घालवायच्या हट्टापायी क्लिअर फोडलेल्या बॉड्या मी जास्त पाहिल्या आहेत.

सावध: कागदावरच्या पाण्याचा रंग सतत पाहत राहा. क्लिअर घासताना ते दुधासारखं पांढरट येतं. त्यात गाडीच्या रंगाची झाक दिसली की त्या क्षणी थांबा, तिथला क्लिअर संपला. क्लिअर न दिलेल्या एकरंगी गाडीला ही खूण लागू नाही, तिथे पाणी पहिल्यापासून रंगीतच येणार. तिथे प्रायमरच्या रंगावर डोळा ठेवायचा, आणि त्याहून जास्त चमच्यावर मोजलेल्या आकड्यावर.

१५०० झाला की २०००, मग २५००. पुढच्या नंबरला जाताना दिशा बदला: १५०० लांबीच्या दिशेने घासला असेल तर २००० रुंदीच्या. मग आधीचे चरे आडवे आणि नवे उभे, त्यामुळे आधीचे संपले की नाही हे सहज दिसतं. संपले नसतील तर पुढे जाऊ नका. प्रत्येक कागद फक्त आपल्या आधीच्या कागदाचे चरे मिटवू शकतो, त्याच्या आधीच्यांचे नाही. कोळिष्टकाच्या तक्रारीचं मूळ इथे आहे: १५००चा एखादा चरा २००० मध्ये राहून जातो, आणि मग तो कंपाउंडने तासभर घासूनही फक्त जास्त चमकतो.

दर नंबरनंतर बॉडी स्वच्छ पाण्याने धुवा, वाट्यांतलं पाणी बदला आणि टॉवेलची बाजूही उलटा.

## टप्पा ८: बारीक जाळ्या

२५०० नंतर टेप काढा. इथून पुढचं सगळं इतकं सौम्य आहे की कडांवरून हलकेच गेलं तरी चालतं. हलकेच.

३६०० किंवा ४०००, मग ६०००, ८०००, १२०००. ओलंच, दर वेळी दिशा बदलत. प्रत्येकाला एका भागावर मिनिटभर पुरे. ६००० च्या आसपास धुरकटपणातून चमक वर यायला लागते आणि ८००० ला दिव्याचं प्रतिबिंब ओळखता येतं. जाळ्या नसतील तर ३००० नंबरच्या कागदानंतर थेट खरखरीत कंपाउंडवर जाता येतं. वेळ जास्त लागतो, शेवट तोच.

तपासा: १२००० नंतर टपाजवळ छापील कागद धरा. प्रतिबिंबातली अक्षरं वाचता आली तर कंपाउंडकडे चला. अक्षरांच्या कडा लाटेसारख्या हलत असतील तर साल अजून बाकी आहे, आणि ती कंपाउंडने जाणार नाही. परत २००० वर जायचं की आहे त्यात समाधान मानायचं, हे थर किती उरला आहे यावर ठरवा.

## टप्पा ९: कंपाउंड

फडकं बोटाभोवती गुंडाळा, शिवण आणि लेबल कापून टाकलेलं. वाटाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढं कंपाउंड एका भागाला भरपूर होतं. आधी ते न दाबता पसरवा, मग छोट्या गोलांत मध्यम दाबाने घासा. सरळ घासायचा नियम इथे सोडला तरी चालतो. कंपाउंड कोरडं पडून कापड ओढायला लागलं की थांबा, पुसा, पुन्हा थोडं घ्या. एकाच जागी जोर लावून घासत राहिलात तर घर्षणाने रंग तापून मऊ होतो, कापडाला चिकटतो आणि तिथे ओढल्यासारखा वण पडतो. लॅकरवर हे फार पटकन होतं. छोट्या ड्रिलला पॉलिशचा फोम लावून काम उरकायचा मोह याच कारणाने टाळा. १/२४ च्या मडगार्डवर त्याला थर फोडायला दोन सेकंदही लागत नाहीत.

खरखरीत झालं की स्वच्छ पुसा, फडकं बदला, मधलं घ्या, मग सगळ्यात बारीक. फडकी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्या कोपऱ्यांवर खुणा करून ठेवा. तपासताना खोलीतला पसरलेला प्रकाश बंद करा आणि एकटा दिवा किंवा टॉर्च वापरा. पसरलेल्या प्रकाशात सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात.

## टप्पा १०: धुणं आणि खाचा साफ करणं

खाचांत आणि हँडलमागे पांढरी खीर साचलेली असते. ती वाळून दगड व्हायच्या आत काढा. कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ टूथब्रश खाचेच्या दिशेने. उरलेलं ओल्या टूथपिकने. गरम पाणी नको. बॉडीची आतली बाजूही धुवा, नाहीतर काचा चिकटवताना गोंद धरत नाही.

## टप्पा ११: खाचांना वॉश, मग फॉइल, मग मेण

हा क्रम उलटा झाला की त्रास होतो. आधी खाचांत पातळ काळपट वॉश सोडा. लॅकर किंवा टू-के वर एनॅमलचा वॉश चालतो; एनॅमल रंगावर मात्र एनॅमलचा वॉश आणि त्याचं थिनर रंगच उचकटतं, तिथे पाण्यातला घ्या. वॉश पॉलिशच्या आधी सोडला असता तर कंपाउंडने तो उपसून तिथे पांढरं भरलं असतं, म्हणून तो आता.

मग खिडक्यांच्या चौकटींवर चंदेरी फॉइल. ते स्वच्छ, बिनतेलकट पृष्ठभागालाच नीट चिकटतं. मेणावर कडा उचलतात.

मेण सगळ्यांत शेवटी, अगदी पातळ, आणि तेही हवं तरच. चांगल्या पॉलिशला त्याने फार भर पडत नाही. बोटांचे ठसे कमी उमटतात एवढंच. त्यात सिलिकोन असेल तर त्या बॉडीवर पुढे कुठलाही रंग मारताना माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात, म्हणून रंगाची सगळी कामं संपली आहेत याची खात्री झाल्याशिवाय डबी उघडू नका. फवारणी करता त्या टेबलावर तर नकोच.

## थर फुटलाच तर

घासणं ताबडतोब थांबवा. भोवती सफाईने मिळवून घ्यावं असं वाटेल, पण त्याने भोक मोठंच होतं.

एकरंगी गाडीची एखादी कड उघडी पडली असेल तर तोच रंग थेंबभर पातळ करून बारीक ब्रशच्या टोकाने धारेवरून ओढा, सुकू द्या, पुन्हा ओढा. दोन-तीन वेळा. आठवड्याने फक्त बारीक कंपाउंड. हातभर अंतरावरून दिसत नाही.

मेटॅलिकचा क्लिअर फुटून खालचे कण कापले गेले असतील तर ब्रशने जुळत नाही. त्या भागाला लागून असलेल्या खाचांपर्यंत टेप लावा, मधला अख्खा भाग, म्हणजे पूर्ण दार किंवा पूर्ण बॉनेट, २००० ने हलका मॅट करा, रंग आणि क्लिअर पुन्हा मारा. खाचेवर थांबलेला जोड डोळ्याला कळत नाही. त्याआधी मेण किंवा कंपाउंडचा अंश राहू देऊ नका. साबणाने दोनदा धुवा आणि नंतर त्या भागाला बोट लावू नका. आणि नवा चमचा रंगवायला विसरू नका, कारण या बॉनेटवर थर किती चढला आहे हे पुन्हा पहिल्यापासून मोजायचं आहे.